स्वमग्न मुलाला समजून घेण्यासाठी कोणती पुस्तके वाचावीत आणि ती कशी वाचावीत

मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक पालक दोन गोष्टी करतात. रात्र रात्र मोबाइलवर शोधत बसतात आणि जो कोणी जे पुस्तक सुचवेल ते मागवून घेतात. त्यामागची तळमळ समजण्यासारखी आहे. परंतु अशा घाईत आणलेली बरीचशी पुस्तके न उघडताच कपाटात जातात आणि जी वाचली जातात त्यांतली काही मनात नसती भीती किंवा त्याहून वाईट म्हणजे नसती आशा पेरून जातात. या विषयावरची महत्त्वाची पुस्तके बहुतांशी इंग्रजीत आहेत, अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये लिहिलेली आहेत आणि ती सारी एका जातीची नाहीत. काही स्वमग्न व्यक्तींनी स्वतः लिहिली आहेत, काही आईवडिलांनी, काही थेरपिस्टांनी, तर काही पत्रकारांनी. प्रत्येक प्रकाराचा उपयोग वेगळा आणि वाचण्याची वेळही वेगळी आहे. म्हणून येथे नुसती यादी न देता, कोणते पुस्तक आधी घ्यावे, कशासाठी घ्यावे आणि त्यातले काय बाजूला ठेवावे, हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिले पुस्तक विकत घेण्याआधी एक साधी दोनशेपानी वही घ्यावी आणि आठवडाभर मुलाच्या वागण्याच्या नोंदी ठेवाव्यात. नोंद करताना कारण शोधू नये आणि शेराही मारू नये. जे दिसले तेवढेच लिहावे. ‘हट्ट केला’ ही नोंद नव्हे. ‘कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत जातो, मिक्सरचे बटण मात्र स्वतः दाबायला मागतो आणि तो चालू असताना हसत जवळ उभा राहतो’ ही नोंद. मोठा आवाज दोन्हींचा आहे, मग एकाचा त्रास आणि दुसऱ्याचा आनंद का, हा प्रश्न मनात घेऊन जो पालक पुस्तक उघडतो त्याला त्या पुस्तकातून काहीतरी निश्चित मिळते. कुकरची शिट्टी केव्हा होईल ते मुलाला ठाऊक नसते, मिक्सरचा आवाज मात्र त्याच्या बोटाखाली असतो. अनिश्चितता आणि नियंत्रण यांविषयी पुढे जे शेकडो पानांत वाचायचे आहे त्याचा हा घरचा नमुना आहे. पुस्तकातली लक्षणे मुलाला लावून पाहण्याची सवय एकदा लागली की मूल दिसेनासे होते. म्हणून नेहमी वहीकडून पुस्तकाकडे जावे.

सुरुवात बॅरी प्रिझंट यांच्या ‘युनिकली ह्यूमन’ या पुस्तकापासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. हे पुस्तक 2015 मध्ये आले आणि 2022 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. घ्यायचे तर सुधारितच घ्यावे. प्रिझंट हे भाषा आणि वाचा या क्षेत्रातले तज्ज्ञ आहेत आणि त्यांचा मुख्य आग्रह असा की, मुलाचे विचित्र वाटणारे वागणे हे काढून टाकायचे लक्षण नसून ते बहुधा स्वतःला सावरण्यासाठी त्याने शोधलेला उपाय असतो. हात फडफडवणे, गोल फिरणे, वस्तू एका ओळीत लावणे यांतले काहीही दिसले की ते कसे थांबवावे हा प्रश्न बाजूला ठेवून, आत्ता त्याला याची गरज का पडली, हा प्रश्न विचारावा. हे वाक्य वाचताना सोपे वाटते. पाहुण्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात ते अमलात आणणे किती अवघड आहे ते प्रत्येक पालकाला कळते. पण निदान कोणता प्रश्न विचारायचा ते तरी या पुस्तकामुळे पक्के होते.

ऐकलेलेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहण्याच्या सवयीविषयी, म्हणजे इकोलेलियाविषयी, त्यांनी जे लिहिले आहे ते विशेष काळजीपूर्वक वाचावे. या विषयावर त्यांनी 1980 च्या दशकापासून संशोधन केले आहे. हे निव्वळ पोपटपंचीचे बोलणे आहे असे पूर्वी मानले जाई. प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्यामागे बऱ्याचदा काहीतरी सांगण्याचा हेतू असतो. समजा, लोकलने नेहमी प्रवास करणारे एखादे मूल लग्नाच्या हॉलमध्ये अचानक ‘पुढील स्थानक दादर’ असे म्हणू लागले. आजूबाजूचे लोक हसतील, कोणी म्हणेल की किती छान पाठ आहे. परंतु ते मूल दादरला उतरून आजीकडे जात असेल, तर ‘मला येथून निघायचे आहे’ हेच ते त्याच्याजवळ असलेल्या तयार शब्दांत सांगत असू शकते. अशा वेळी ‘निघू या, असे म्हणायचे आहे का?’ एवढे वाक्य त्याच्या वतीने हळू उच्चारून त्याला बाहेर मोकळ्या हवेत नेले, तर त्याचा निरोप पोहोचला हे त्याला समजते आणि त्या निरोपासाठी नवे शब्दही कानावर पडतात. वहीत अशा वाक्यांसाठी वेगळी पाने ठेवावीत आणि वाक्य कोणते, ते मुळात कोठे ऐकले, आता कोणत्या प्रसंगी म्हटले, अशा तीन गोष्टी लिहाव्यात. काही आठवड्यांत त्या पानांचा मुलापुरता शब्दकोश तयार होतो आणि तो स्पीच थेरपिस्टलाही उपयोगी पडतो.

यानंतर स्वमग्न व्यक्तींनी स्वतः लिहिलेले वाचावे, आणि तेही थेरपीची पुस्तके हातात घेण्याआधी वाचावे. टेम्पल ग्रँडिन यांचे ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ हे 1995 चे पुस्तक अजूनही या प्रकारात अग्रभागी आहे. ग्रँडिन यांचा जन्म 1947 चा. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या आणि गुरांना न घाबरवता हाताळण्याची जी व्यवस्था त्यांनी आखली ती अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यांच्या यशाचा नसून त्यांच्या कातडीचा आणि कानांचा आहे. लहानपणी घातलेले खरखरीत पेटीकोट उघड्या नसांवर सँडपेपर घासावा तसे वाटत, असे त्या सांगतात. दिवाळीचा नवा कडक झब्बा अंगात घालताच किंचाळणाऱ्या मुलाला ‘लाडावलाय’ म्हणणाऱ्या घरात हे पान मोठ्याने वाचून दाखवावे. माणसांची मिठी असह्य होई, परंतु खोल दाब हवासा वाटे, हा त्यांचा अनुभवही असाच डोळे उघडणारा आहे. मावशीच्या गुरांच्या वाड्यावर गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा सापळा पाहून त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःसाठी तसे यंत्र तयार केले. जड गोधडी अंगावर घेतल्याशिवाय न झोपणारे किंवा सोफ्याच्या गाद्यांमध्ये स्वतःला कोंबून घेणारे मूल काय शोधत असते, ते त्यातून उमगते.

मात्र या पुस्तकामुळे एक गैरसमज जगभर पसरला, की स्वमग्न माणसे चित्रांतूनच विचार करतात. खुद्द ग्रँडिन यांनी नंतर तो दुरुस्त केला. काही जण आकृतिबंधांतून आणि संख्यांतून, तर काही जण शब्दांतून विचार करतात, असे त्यांनी पुढील लेखनात मान्य केले आहे, आणि पुस्तकाच्या 2006 च्या वाढीव आवृत्तीत ही भर आली आहे. तात्पर्य, तुमच्या मुलाला चित्रकार्डे रुचत नसतील तर त्यात मुलाचे काही चुकत नाही.

बोलता न येणाऱ्या किंवा फार थोडे बोलणाऱ्या मुलांच्या पालकांना हमखास सुचवले जाणारे पुस्तक म्हणजे नाओकी हिगाशिदा या जपानी मुलाचे ‘द रीझन आय जंप’. त्याने ते तेराव्या वर्षी लिहिले असे म्हटले आहे. जपानीत ते 2007 मध्ये आणि इंग्रजीत 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी अनुवाद कादंबरीकार डेव्हिड मिचेल आणि त्यांची पत्नी के. ए. योशिदा यांनी केला असून त्यांचाही मुलगा स्वमग्न आहे. कर्नाटकात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला तितो राजर्षी मुखोपाध्याय याची पुस्तके याच प्रकारची. त्यांतले पहिले, ‘बियॉन्ड द सायलेन्स’, 2000 मध्ये लंडनमधून निघाले. दोन्ही लेखकांचे लेखन अक्षरफळ्याच्या, म्हणजे एकेका अक्षरावर बोट ठेवून शब्द जुळवण्याच्या फळ्याच्या, साहाय्याने, शेजारी आई बसलेली असताना सुरू झाले. अशा पद्धतींमध्ये शब्द नेमके कोणाचे, हा प्रश्न संशोधकांनी सातत्याने विचारला आहे, आणि तितोच्या आईने विकसित केलेली रॅपिड प्रॉम्प्टिंग पद्धत वापरू नये असा स्पष्ट सल्ला अमेरिकेतील वाचा आणि श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये दिला. तरीही ही पुस्तके वाचू नयेत असे मी म्हणणार नाही. न बोलणाऱ्या मुलाच्या मनात काहीच चालत नाही, हा समज मोडायला ती मदत करतात; फक्त त्यांतले उत्तर हे आपल्या मुलाचे उत्तर समजू नये आणि ती वाचून अक्षरफळ्याच्या महागड्या शिबिराला पैसे भरू नयेत.

याच टप्प्यावर जिम सिंक्लेअर यांचा ‘डोन्ट मोर्न फॉर अस’ हा निबंध वाचावा. तो पुस्तक नाही, चहा संपेपर्यंत वाचून होतो. सिंक्लेअर स्वतः स्वमग्न आहेत आणि 1993 मध्ये टोरांटो येथील परिषदेत त्यांनी पालकांसमोर केलेल्या भाषणावर हा निबंध आधारलेला आहे. आपण ज्या मुलाची वाट पाहिली ते मूल आले नाही याचे दुःख पालकांना होणारच, ते त्यांनी जरूर करावे, परंतु समोर जे मूल आले आहे आणि वाट पाहत आहे त्याच्यासमोर ते दुःख मांडू नये, असा त्याचा रोख आहे. अनेक पालकांना हा निबंध पहिल्या वाचनात कठोर वाटतो. वाटू द्यावा आणि वर्षभराने पुन्हा वाचावा.

पालकांनी लिहिलेल्या आठवणींची संख्या अफाट आहे आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या बऱ्याच एकमेकींसारख्या आहेत. मी एकच सुचवतो : क्लारा क्लेबोर्न पार्क यांचे ‘द सीज’. ते 1967 चे आहे, त्यामुळे त्यातली वैद्यकीय माहिती कालबाह्य झाली आहे. पण निरीक्षणाची शिस्त शिकण्यासाठी त्यासारखे दुसरे पुस्तक मला माहीत नाही. हातागुडघ्यांवर रांगत, जमिनीवरच्या एका ठिपक्याभोवती स्वतःच्याच आनंदात गोल गोल फिरणारी एक लहानगी, या चित्राने पुस्तक सुरू होते. पार्क साहित्य शिकवत असत, आणि मुलीने पेला कधी उचलला, नजर कधी वळवली, कोणता शब्द आला आणि कोणता नाहीसा झाला, याच्या नोंदी त्यांनी ज्या बारकाईने केल्या आहेत त्या पाहिल्या की आपली वही कशी असायला हवी ते समजते. त्या मुलीच्या प्रौढपणाविषयी त्यांनी 2001 मध्ये ‘एक्झिटिंग निर्वाणा’ हे दुसरे पुस्तक लिहिले. मुलगी चित्रकार झाली आणि नोकरीही करू लागली, पण ती स्वमग्नच राहिली. हे दोन्ही एकत्र खरे असू शकते, हे पाहण्यासाठी ही जोडी वाचावी.

आता प्रत्यक्ष घरी करण्याच्या गोष्टींकडे वळू. मूल साधारण पाच वर्षांच्या आतले असेल तर दोन पुस्तके पुरेशी आहेत आणि ती वाचण्यापेक्षा वापरण्याची आहेत. पहिले, टोरांटोच्या हॅनन सेंटरने काढलेले फर्न ससमन यांचे ‘मोअर दॅन वर्ड्स’. यात मुलाच्या संवादाचे चार टप्पे सांगितले आहेत : स्वतःतच रमलेले मूल, हवे ते मिळवण्यासाठी मोठ्यांचा हात ओढणारे मूल, खेळात थोडी देवाणघेवाण करू लागलेले मूल आणि संवादात जोडीदार होणारे मूल. आपले मूल आज कोठे आहे ते आधी ठरवावे आणि त्याच टप्प्याची पाने वाचावीत. पुढच्या टप्प्याची पाने वाचून अस्वस्थ होण्यात काहीच लाभ नाही. दुसरे, सॅली रॉजर्स, जेराल्डिन डॉसन आणि लॉरी व्हिस्मारा यांचे 2012 चे ‘अ‍ॅन अर्ली स्टार्ट फॉर युवर चाइल्ड विथ ऑटिझम’. डेन्व्हर मॉडेल या अभ्यासलेल्या पद्धतीवर ते आधारलेले आहे आणि अंघोळ, जेवण, कपडे घालणे, खेळ या रोजच्या प्रसंगांतच शिकवण कशी गुंफावी ते त्यात सांगितले आहे. घरात मुलासाठी वेगळी ‘थेरपीची वेळ’ काढणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हा दृष्टिकोन फार सोयीचा ठरतो.

या दोन्ही पुस्तकांतले खेळ आणि गाणी परदेशी आहेत, तेव्हा ती तशीच्या तशी उचलू नयेत. खेळाचा सांगाडा घ्यावा आणि त्यात आपला ऐवज भरावा. उदाहरणार्थ, दोन्ही पुस्तकांत सांगितलेली एक युक्ती अशी की, मुलाला आवडणारे शारीरिक मजेचे गाणे पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने म्हणावे आणि ते पाठ झाले की सर्वांत मजेच्या क्षणाआधी थांबून वाट पाहावी. आपल्याकडे यासाठी ‘इथे इथे बस रे मोरा’ घडवून ठेवलेलेच आहे. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. तळहात हातात घेऊन त्यावर बोट टेकवत चारा, पाणी सगळे क्रमाने करावे आणि ‘भुर्रर्र’ म्हणत हात वर उडवावा. काही दिवस असेच करावे. मग एके दिवशी ‘पाणी पी’ म्हटल्यावर हात तसाच धरून, चेहऱ्यावर उत्सुकता ठेवून, गप्प राहावे. मनात दहापर्यंत मोजावे. बहुतेक पालक तीनपर्यंत पोहोचण्याआधीच स्वतः ‘भुर्र’ म्हणून मोकळे होतात. तो मोह आवरावा. मुलाने नजर वर केली, हात किंचित हलवला, ओठांचा आवाज काढला, यांपैकी काहीही केले की तत्काळ हात उडवावा, कारण त्या क्षणी त्याने ‘पुढे म्हण’ असे सांगितलेले असते. त्याने काहीच केले नाही तरी रागावू नये, ‘बोल ना’ असा लकडा लावू नये. दहा मोजून झाले की आपणच हात उडवून खेळ आनंदात संपवावा. नजर मिळवण्यासाठी हनुवटी धरून चेहरा वळवणे तर पूर्णपणे टाळावे.

भाषेबद्दलही एक खुलासा करायला हवा. परदेशी पुस्तके इंग्रजीत आहेत, थेरपिस्ट काही वेळा इंग्रजी शब्द वापरतात आणि शाळाही इंग्रजी माध्यमाची असते, म्हणून घरात मराठी बंद करून मुलाशी फक्त इंग्रजीत बोलण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते असे संशोधनात आढळलेले नाही. ज्या भाषेत आईवडील आणि आजीआजोबा सहज हसतात, रागावतात आणि गाणी म्हणतात तीच मुलाशी बोलण्याची भाषा असावी. अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू आहे.

आवाज, स्पर्श, चव यांच्या त्रासाविषयी कॅरल क्रॅनोविट्झ यांचे ‘द आउट-ऑफ-सिंक चाइल्ड’ ऑक्युपेशनल थेरपिस्ट आवर्जून सुचवतात. त्यातले प्रसंग ओळखीचे वाटतात आणि उपाय करून पाहण्याजोगे आहेत. मात्र ते पुस्तक मुळात स्वमग्नतेवरचे नाही आणि त्यात मांडलेला संवेदनांचा स्वतंत्र विकार डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकेतील अधिकृत वर्गीकरणात निदान म्हणून आलेला नाही. तेव्हा उपाय घ्यावेत, लेबल घेऊ नये.

विज्ञान थोडक्यात हवे असेल तर उटा फ्रिथ यांचे ऑक्सफर्डच्या छोट्या पुस्तकमालेतले 2008 चे पुस्तक खिशात मावणारे आहे. येथे सालाकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण कोणतेही पुस्तक घेताना प्रकाशनवर्ष पाहणे ही पहिली कसोटी आहे. मे 2013 मध्ये डीएसएम-5 आले तेव्हा अस्पर्जर सिंड्रोम हे वेगळे निदान रद्द होऊन सर्व प्रकार एकाच वर्णपटात सामावले गेले आणि संवेदनांमधले फरक प्रथमच निकषांमध्ये आले. त्याआधीच्या पुस्तकांमध्ये ‘सौम्य’, ‘अस्पर्जर’, ‘पीडीडी’ अशी जी नावे दिसतात ती आजच्या निदानाच्या कागदाशी जुळवण्याच्या खटाटोपात पडू नये.

इतिहासाची पुस्तके सर्वांत शेवटी, निदान होऊन सहा महिने तरी उलटल्यावर घ्यावीत. ती पाचशेहून अधिक पानांची आहेत आणि पहिल्या धक्क्यात वाचवत नाहीत. परंतु ज्या आईला कोणी ना कोणी ‘तू नोकरी करतेस म्हणून’, ‘मोबाइल दिला म्हणून’, ‘गरोदरपणात चिडचिड केलीस म्हणून’ असे ऐकवलेले आहे, तिने हा इतिहास अवश्य वाचावा. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 स्वमग्न मुलांचे वर्णन करणारा पहिला निबंध लिहिला आणि त्यांच्याच काही वाक्यांतून ‘थंड’ आईवडिलांची कल्पना पसरली. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 मध्ये ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकातून आयांना उघडपणे दोषी ठरवले. त्याआधीच 1964 मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी ही स्वमग्नता शरीरातून, मेंदूच्या घडणीतून येते असे साधार मांडले होते. कॅनर यांनी 1969 मध्ये पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त म्हणून जाहीर केले, आणि 1977 मध्ये सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवला. ज्या आरोपाचा निकाल पन्नास वर्षांपूर्वी लागला तो आपल्या घरांतल्या बैठकींत आजही नव्याने चालवला जातो, हे चीड आणणारे आहे.

हा सारा पट स्टीव्ह सिल्बरमन यांच्या ‘न्यूरोट्राइब्स’ (2015) आणि जॉन डॉनव्हन व कॅरन झकर यांच्या ‘इन अ डिफरंट की’ (2016) या दोन ग्रंथांत आहे. दोघांचा कल वेगळा आहे. सिल्बरमन स्वमग्नता हा माणसांमधला एक नैसर्गिक भेद मानतात, तर दुसऱ्या ग्रंथात पालकांच्या लढ्याला मध्यवर्ती स्थान आहे. कॅनर यांच्या पहिल्या 11 मुलांपैकी मिसिसिपीतील डोनाल्ड ट्रिप्लेट यांची हकिगत त्यात विस्ताराने आली आहे. एकच वाचणार असाल तर कथनाच्या ओघासाठी दुसरा घ्यावा. सिल्बरमन यांनी हान्स अस्पर्जर (अस्पर्जर सिंड्रोम हे नाव ज्यांच्यावरून पडले ते व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ) यांचे जे सहानुभूतीचे चित्र रंगवले आहे त्याला पुढे मोठा धक्का बसला. नाझी राजवटीत त्यांनी मुलांना व्हिएन्नातील त्या कुप्रसिद्ध केंद्राकडे पाठवले होते जेथे मुलांना ठार मारले जाई, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्विग चेक यांच्या संशोधनातून आणि ईडिथ शेफर यांच्या ‘अस्पर्जर्स चिल्ड्रन’ या पुस्तकातून पुढे आले.

कोणती पुस्तके घेऊ नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. मुखपृष्ठावर ‘मुक्ती’, ‘बरे झाले’, ‘अमुक आठवड्यांत’ असे शब्द असतील तर पुस्तक खाली ठेवावे. लेखकाच्या परिचयात त्याचेच दवाखाने, पूरक औषधे किंवा तपासण्या यांची माहिती असेल तर तो ग्रंथ म्हणजे जाहिरात समजावी. लसींमुळे स्वमग्नता होते असे म्हणणारे पुस्तक तर पहिल्या पानावरच बाद करावे. तो दावा अँड्र्यू वेकफील्ड यांच्या 1998 च्या 12 मुलांवरील निबंधातून पसरला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध 2010 मध्ये मागे घेतला, त्यामागची लबाडी ब्रायन डीअर या पत्रकाराने उघडकीस आणली. शरीरातले धातू काढण्याच्या चिलेशन या उपचारात 2005 मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आहे. स्टेम सेलच्या जाहिराती आपल्याकडे जोरात आहेत. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्वमग्नतेसाठी या उपचाराला मान्यता नाही. मराठीत प्रसिद्ध झालेले पुस्तक हाती आले तर त्यालाही हीच चाळणी लावावी. आपल्या भाषेत आहे म्हणून ते आपोआप विश्वासार्ह ठरत नाही.

चांगल्या परदेशी पुस्तकांतलीही काही प्रकरणे खुशाल वगळावीत. अमेरिकेतील शाळांचे कायदे, तेथील विमा, मुलासाठीच्या शैक्षणिक योजनेवर पालकांनी सही करण्याची पद्धत, यांचा येथे उपयोग नाही. त्या जागी भारतातील 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम पाहावा. त्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना चालते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी इसा (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही मोजपट्टी भारतातच तयार झाली आहे आणि तिचे नाव कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

भावंडांसाठी ‘माय ब्रदर चार्ली’ हे 2010 चे चित्रपुस्तक घ्यावे. जुळ्या बहिणीच्या तोंडून सांगितलेली ती गोष्ट पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवता येते आणि वाचताना सरळ मराठीत सांगत गेले तरी काही बिघडत नाही. दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी एल मॅकनिकोल यांची ‘अ काइंड ऑफ स्पार्क’ (2020) ही कादंबरी उत्तम आहे. तिची नायिका अकरा वर्षांची स्वमग्न मुलगी आहे आणि लेखिका स्वतःही त्याच वर्णपटातली आहे. ‘द क्युरियस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही मार्क हॅडन यांची 2003 ची कादंबरी मात्र कादंबरी म्हणूनच वाचावी. आपण या विषयाचे तज्ज्ञ नाही असे लेखकाने स्वतः सांगितले आहे, तरी गणितात हुशार आणि स्पर्श टाळणारा तो मुलगा अनेकांच्या मनात स्वमग्नतेचा नमुना होऊन बसला आहे. नातेवाइकांनी ती वाचली की पहिला प्रश्न येतो, ‘मग याचे गणित कसे आहे?’

घरातल्या सर्वांनी सर्व पुस्तके वाचण्याची अपेक्षा करू नये. एकाने वाचावे आणि बाकीच्यांना दोन पाने सांगावीत. आजीला ‘इकोलेलिया’ शब्द सांगण्याची गरज नाही. ‘पुढील स्थानक’ म्हणाला की त्याला बाहेर न्यायचे, एवढे सांगितले की त्या कामात आजी सर्वांच्या पुढे जाते. वर्गशिक्षिकेच्या हातात जाड पुस्तक देऊ नये. ते तिच्या टेबलावर जून ते एप्रिल पडून राहील. त्याऐवजी वाचलेल्या पुस्तकांच्या आणि वहीच्या आधारे एका पानाचे टिपण तयार करावे. त्यात निदानाची व्याख्या घालू नये. मुलाला काय आवडते, कोणत्या आवाजाने त्रास होतो, त्रास होऊ लागल्याची पहिली खूण कोणती, तेव्हा काय केल्यास तो सावरतो आणि काय केल्यास बिघडते, शौचालयाला जायचे आहे हे तो कसे सांगतो, आणि त्याची दोनचार ठरलेली वाक्ये व त्यांचे अर्थ, एवढेच लिहावे. एक प्रत शॅडो टीचरला, म्हणजे वर्गात मुलाच्या सोबत राहणाऱ्या मदतनीस शिक्षिकेला, एक शाळेच्या बसमधल्या मावशींना आणि एक पोहण्याच्या किंवा तबल्याच्या वर्गाला द्यावी. मुलाच्या सवयी आणि वाक्ये बदलत असतात, म्हणून प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला हे पान वहीवरून नव्याने लिहावे आणि जुन्या प्रती परत मागून घ्याव्यात.